बाथरूमचं पाणी उलटं येतंय, पूर्ण ड्रेनेज लाईन खोदायची का? इंदिरानगर, नाशिक

उंबराखालचं_घर

नमस्कार, आमचं इंदिरानगरला रो-हाउस आहे, सासऱ्यांनी १९९३ ला घेतलेलं, आणि गेले तीन आठवडे खालच्या बाथरूमचा फार त्रास चालूये. संडासात फ्लश केला की शेजारच्या नहाणीतून गुडगुड आवाज येतो आणि थोड्या वेळाने काळं पाणी वर येतं, वरच्या मजल्यावर कुणी आंघोळ केली तरी तेच. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे जिना चढता येत नाही म्हणजे त्यांना तेच एक बाथरूम, रोज सकाळी त्या आत जायच्या आधी मी फिनेल टाकून पुसून घेते पण परवा त्यांचा पाय घसरता घसरता वाचला आणि तेव्हापासून माझं सगळं लक्ष तिथेच.

पहिले एक प्लंबर आले, ॲसिड ओतलं, स्प्रिंग फिरवली, १२०० घेतले. चार दिवस बरं चाललं, परत तेच. मग दुसरे आले, ते म्हणतात जुने चिनीमातीचे पाईप आहेत, मागच्या बाथरूमपासून पुढच्या गेटपर्यंत सगळी लाईन बदला, साधारण ६० फूट, ५५ हजार, पोर्चच्या फरशा फुटतील त्याचं वेगळं. कशावरून विचारलं तर म्हणाले अनुभव आहे आमचा. झाकण एकही उघडलं नाही. शिवाय मागे जुनी सेप्टिक टाकी आहे (आमच्या भागात ड्रेनेज यायच्या आधीची, नंतर तिच्यातूनच लाईन पुढे काढलीये असं सासरे सांगायचे), तर तिच्यात माणूस उतरवून हाताने साफ करून देतो, ४ हजार.

गेटपाशी मोठा उंबर आहे. त्याची मुळं पाईपात गेली असतील तर झाड काढावं लागेल असंही म्हणाले. सासूबाई म्हणतात दत्ताचं झाड आहे, हात लावायचा नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो तोडायचा नाहीये.

कुणाचे नंबर नकोत लगेच, आधी मला हे समजून घ्यायचंय की समोरचा माणूस बरोबर सांगतोय की नाही हे ओळखायचं कसं. मिस्टर पुण्याला असतात, इथे मीच बघते सगळं.

साईटवरचा_माणूस

ताई, तीस वर्षं बांधकामावर सुपरवायझर होतो, आता घरीच असतो. ५५ हजार कुणालाही द्यायच्या आधी एक सकाळ काढा आणि चेंबरची झाकणं उघडा, तुमचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

एकच नहाणी किंवा एकच सिंक तुंबलं असतं तर दोष त्याच्या ट्रॅपमध्ये (खालचा वाकडा भाग, ज्यात पाणी साठून राहतं) किंवा छोट्या पाईपात. तुमच्याकडे वरच्या मजल्याचं पाणी खालच्या नहाणीतून येतंय आणि फ्लश केला की गुडगुड होते, म्हणजे मेन लाईन पुढे कुठेतरी अडलीये, पाण्याला जायला वाट नाही म्हणून ते सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतंय. अशा वेळी बाथरूममध्ये ॲसिड ओतून काही होत नाही, ते अडलेल्या जागेपर्यंत धड पोचतही नाही. उलट पुढच्या माणसाच्या अंगावर तेच पाणी उडतं, म्हणून जो कुणी येईल त्याला आधी सांगा की ॲसिड टाकलेलं आहे. आणि ॲसिडवर ब्लीचिंग पावडर किंवा कपड्याचं ब्लीच चुकूनसुद्धा टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये फार वाईट.

आता चेंबर. घराच्या बाजूला किंवा पोर्चमध्ये दोन-तीन तरी असतील. पहार लावून झाकण सरकवायला माणूस घ्या, एकटीने करू नका, उघडल्यावर वीस मिनिटं तशीच राहू द्या, जवळ बिडी काडी नको, लहान मुलं नकोत, वाकून तोंड आत घालायचं नाही, लांबूनच टॉर्च मारायचा. गेटजवळचं शेवटचं चेंबर भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे म्हणजे रस्त्याच्या बाजूला आहे, बहुतेक वेळा मनपाच्या लाईनचा प्रश्न, त्यासाठी तुम्ही तुमचा पोर्च फोडायची गरजच नाही. शेवटचं कोरडं आणि मधलं भरलेलं, तर अडथळा त्या दोघांच्या मधे. मागचंसुद्धा कोरडं असेल तर बाथरूम ते पहिलं चेंबर एवढ्याच तुकड्यात काहीतरी आहे. तुमची टाकी मधे आहे म्हणून तिचं येणारं तोंड आणि जाणारं तोंड दोन्ही बघा, बऱ्याच वेळा जाणाऱ्या तोंडाशी गाळ घट्ट बसलेला असतो.

शंका आली तर होळीचा उरलेला रंग बादलीभर पाण्यात कालवून संडासात ओता आणि कुणालातरी चेंबरपाशी उभं करा. किती वेळाने दिसतो, दिसतो तरी का, कळतं लगेच.

चिनीमातीचे पाईप वाईट नसतात बरं का, ॲसिडनेही खराब होत नाहीत. पण ते दोन-अडीच फुटी तुकड्यात येतात, ६० फुटांत पंचवीस-तीस जोड, आणि तो जोड काथ्या आणि सिमेंटचा. जमीन थोडी बसली की जोड उघडतो, उंबर-पिंपळाचं केसासारखं मूळ पाण्याच्या वासाने आत शिरतं आणि आत त्याची शेपटी होते. म्हणून मुळाचा संशय खोटा नसेल. पण तो एका-दोन जोडांचा असतो, ६० फुटांचा नाही.

वाघाडीकाठ

बाकी काय ते ठरवा ताई पण टाकीत माणूस उतरवू देऊ नका. कितीही गयावया केली, कितीही म्हणाला की आम्ही रोज उतरतो, तरी नाही म्हणा.

टाकीतला गाळ हलवला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड, आणि लोकांना वाटतं वास येत नाहीये म्हणजे गॅस गेला, तर तसं नाही, प्रमाण वाढलं की नाकच काम करायचं थांबतं, वास कळेनासा होतो आणि माणूस दोन श्वासांत खाली पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तो पण जातो. अशा बातम्या दरवर्षी येतात, आणि त्यात टाकी कुणाची तर तुमच्या-माझ्यासारख्याच्या घराची किंवा सोसायटीची.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि तो फक्त मनपाला किंवा ठेकेदाराला लागू नाही, काम सांगणाऱ्या कुणालाही आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये मृताच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितले होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३० लाख केले. पण कायदा बाजूला ठेवला तरी, उतरणारा पोरगा कुणाच्या तरी घरून डबा घेऊन निघालेला असतो. ४ हजारातले त्याच्या हातात किती पडतात मी जवळून बघितलंय, माझे चुलते हेच काम करत होते आणि घरात त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

सक्शनची गाडी बोलवा. पाईप टाकीत सोडतात, माणूस वरच उभा राहतो, अर्ध्या-एक तासात काम होतं. १४४२० हा नंबर त्यासाठीच आहे, नाहीतर मनपाच्या विभागीय कार्यालयात विचारा.

रिकामा_प्लॉट

एवढं कशाला, गेटबाहेरून पावसाळी गटार जातेय का बघा, तिला चार इंची पाईप जोडून टाका, एक दिवसाचं काम. आमच्या लेनमधे दोघांनी केलंय, काही त्रास नाही.

गोदेचं_पाणी

कृपया हे करू नका आणि कुणाला सुचवू पण नका. पावसाळी गटार आणि मैल्याची लाईन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मैल्याची लाईन तपोवन, आगरटाकळी अशा मलजल केंद्रांकडे जाते, तिथे पाणी शुद्ध करायची काहीतरी सोय आहे. पावसाळी गटार सरळ नाल्याला आणि नाला नासर्डी नदीला आणि नासर्डी गोदावरीला. इंदिरानगरातून तुम्ही आज सोडलेलं संध्याकाळी नदीत. त्याच नदीवर आपण २०२७ च्या सिंहस्थाची तयारी करतोय, त्याच काठावर रोज आरती होते. नासर्डीच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो तो याच जोडण्यांमुळे.

उलटंही बघून घ्या ताई, तुमच्या गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाईप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलाय का. बऱ्याच जुन्या घरांत मिस्त्रीने सोय म्हणून जोडलेला असतो, मग जोराचा पाऊस आला की लाईन भरते आणि संडासातून पाणी वर येतं. तो आधी काढून बागेत सोडा.

सिडको_तिसरी_योजना

माझा अनुभव सांगते. आमच्याकडे मागच्या वर्षी असंच झालं, आम्ही किचन मागे वाढवलेलं आणि जुनं चेंबर किचनच्या फरशीखाली गेलेलं, कुणाला आठवतच नव्हतं. तिघांना बोलावलं. दोघांनी बघायच्या आधीच आकडा सांगितला. तिसऱ्याने आधी विचारलं की कधीपासून, पावसात जास्त होतं का, घरात काही बांधकाम झालं का, मग नहाणीपासून चालत चालत अंगण बघितलं, आणि म्हणाला आधी कॅमेरा घालू, त्याचे वेगळे पैसे लागतील पण फरशी कुठे फोडायची ते कळेल. त्याला काम दिलं.

कॅमेऱ्यात आम्हाला मोबाईलवर दाखवलं, अकराव्या फुटावर पाईप दबलेला. तेवढी पाच फूट फरशी फोडली. मात्र एक लक्षात ठेवा, लाईन पूर्ण भरलेली असेल तर कॅमेऱ्यात नुसतं काळं पाणी दिसतं, आधी जेटिंग करून (जोराच्या पाण्याचा फवारा मारून) मोकळी करावी लागते मगच कॅमेरा. आणि जुन्या चिनीमातीच्या पाईपात फार जोरात जेट मारला तर सुटलेला जोड अजून सुटतो, म्हणून प्रेशर कमी ठेवून सुरुवात करायला सांगा.

साध्या कागदावर लिहून घ्या: किती फूट, कोणता पाईप, किती इंची, चेंबर नवीन की जुनंच, फरशी-सिमेंट कुणाचं, राडारोडा कोण उचलणार, आणि परत तुंबलं तर किती दिवसांत फुकट येणार. आमचं भांडण राडारोड्यावरूनच झालं, आठ दिवस गेटबाहेर ढीग. ॲडव्हान्स मागितला तर सामानापुरता द्या, बाकीचे पाणी वाहताना बघून.

अजून एक, गणपती घरी बादलीत विसर्जन करता का? शाडूचं पाणी मोरीत ओतत असाल तर तेही थांबवा, ती माती ट्रॅपमध्ये बसून दगड होते. आम्ही आता कुंड्यांना घालतो. आणि दिवाळीचं तळणीचं तेल सुद्धा नको, गार झालं की पाईपाला आतून थर धरतं.

उंबराखालचं_घर

सगळ्यांचे मनापासून आभार. वाघाडीकाठ दादा, तुमचं वाचून सासूबाईंना पण वाचून दाखवलं, त्या बराच वेळ गप्प होत्या मग म्हणाल्या त्या माणसाला फोन करून स्पष्ट नाही सांग. सांगितलं.

काल शेजारच्या काकांना घेऊन झाकणं उघडली. मागचं चेंबर काठोकाठ, टाकी पण पूर्ण भरलेली, आणि गेटजवळचं शेवटचं जवळजवळ कोरडं! आज सक्शन गाडी येऊन गेली, टाकी रिकामी झाल्याबरोबर नहाणी लगेच मोकळी वाहायला लागली, पण टाकीतून पुढे रंगाचं पाणी सोडलं तर शेवटच्या चेंबरला पोचायला खूप वेळ लागला आणि अगदी बारीक धार आली. एका नव्या माणसाने बघितलं, त्याने स्वतःहून कॅमेरा सुचवला, उंबराच्या साधारण समोर दोन जोड उघडलेत आणि आत मुळांचा झुपका आहे. तो म्हणतो १५ फूट पीव्हीसी टाकू, झाड ठेवू, आणि टाकी बायपास करून मागच्या चेंबरपासून सरळ लाईन पुढच्या पाईपाला मिळवू. १९ हजार, फरशी बसवून. लिहून दिलंय.

गणपतीचं पाणी मोरीतच ओतायचो आम्ही, कधी मनातही आलं नाही.

साईटवरचा_माणूस

छान केलंत. बायपास करणार असाल तर टाकी तशीच पोकळ ठेवू नका, तळाला भोकं पाडून मुरूम भरून घ्या, नाहीतर पुढे मागे कुणाच्या पायाखाली झाकण खचेल. भोकं वरून लांब पहारेने पाडायची किंवा मशीनने, त्यासाठीही कुणी आत उतरायचं नाही.

पाईप चार इंची असेल तर उतार ४० फुटांना एक फूट धरायला सांगा, म्हणजे १५ फुटांत साडेचार इंच. सहा इंची असेल तर ६० ला एक पुरतो. खाली दगड नको, वाळूचा थर देऊन त्यावर पाईप, उंबराच्या बाजूला मधे जोड येणार नाही असा सलग तुकडा वापरा, आणि वळण असेल तिथे काटकोनी बेंड न घालता दोन पंचेचाळीसचे. मुख्य म्हणजे बुजवायच्या आधी खालचं तोंड बंद करून पाईप पाण्याने भरा आणि तासभर ठेवा, पातळी उतरली तर जोड गळतोय. ते बघितल्याशिवाय माती लोटू देऊ नका.

उंबराखालचं_घर

शनिवारी सकाळी काम आहे. मिस्टर शुक्रवारी रात्री येतायत, तासभराची पाण्याची टेस्ट आम्ही दोघं उभं राहून बघतो आणि फोटो टाकते इथे. तोपर्यंत सासूबाईंसाठी बाथरूममध्ये भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतलाय, तो राहू देणार आहे.