मदत हवी आहे: एकाच टायमरला दोन कामं, डिव्हाइस ट्रीत लिहायचं कसं?

नमस्कार मंडळी,

एसटीएम३२एमपी१५७ या प्रोसेसर चिपच्या बोर्डावर लिनक्स चालवतोय. एका मोटरचा वेग पीडब्ल्यूएमने (पल्सची रुंदी बदलून) कमीजास्त करायचा आहे आणि तिच्याच शाफ्टवरच्या एन्कोडरचे (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचे) पल्स मोजायचे आहेत. मायक्रोकंट्रोलरवर थेट रजिस्टरं लिहून हे पुष्कळदा केलंय, डिव्हाइस ट्रीशी (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलशी) मात्र पहिल्यांदाच गाठ पडली.

चिपमधल्या टिम३ या टायमरला चार चॅनेल आहेत. म्हटलं, १ आणि २ एन्कोडरला देऊ, ३ पीडब्ल्यूएमला. मग 'मोटर' आणि 'एन्कोडर' असे दोन वेगळे नोड (ट्रीतल्या नोंदी) लिहिले, दोन्हींचा पत्ता तोच, हेक्स ४०००१०००. कंपाइल करताना पत्ता दुबार आल्याची वॉर्निंग आली, ती मी सोडून दिली (हो, माहीत आहे!). बूट झाल्यावर पहिला नोड चालतो, दुसऱ्याला 'कान्ट रिक्वेस्ट रीजन' आणि उणे १६. नोडांचा क्रम उलटा केला तर आधी चालत होता तोच रडतो.

शिवाय एक शंका: कर्नल स्वतःच्या घड्याळासाठी हा टायमर बळकावणार नाही ना?

प्रतिसाद १

उणे १६ म्हणजे ईबिझी, 'आधीच वापरात आहे' ही एरर. रजिस्टरांचा तो पट्टा पहिल्या ड्रायव्हरने आधीच आपल्या नावावर केलाय, दुसऱ्याला कसा मिळेल? तुम्ही कामं मोजून नोड लिहिलेत. ट्रीत सिलिकॉनवर जे आहे ते लिहायचं, आणि तिथे टिम३ एकच आहे. म्हणून पत्ता आणि क्लॉक असलेला एकच पॅरेंट नोड, 'एसटी,एसटीएम३२-टायमर्स', आणि त्याच्या पोटात 'पीडब्ल्यूएम', 'काउंटर' आणि ट्रिगरचा 'टायमर' असे उपनोड. उपनोडांचे ड्रायव्हर रजिस्टरांना पॅरेंटच्या रेगमॅपमधूनच (रजिस्टरांच्या सामायिक वाटेनेच) हात लावतात, त्यामुळे भांडण होत नाही. हे सगळं चिपच्या डीटीएसआयमध्ये (सगळ्या बोर्डांना सामायिक ट्री फाइलमध्ये) आधीच लिहिलेलं असतं. तुम्ही बोर्डाच्या फाइलमध्ये फक्त चालू करायचं.

पण इतकं करूनही तुमचा बेत जमणार नाही. टिम३ मध्ये चॅनेल चार असले तरी मोजणारा काउंटर एकच, क्लॉक भागणारा प्रीस्केलर एकच, पीरियड ठरवणारं एआरआर रजिस्टरही एकच. चॅनेलगणिक वेगळं असतं ते फक्त पल्सची रुंदी ठरवणारं कम्पेअर रजिस्टर. एन्कोडर मोडमध्ये काउंटर क्लॉकवर चालत नाही, शाफ्ट फिरेल तसा वर-खाली होतो. त्यावर चॅनेल ३ चा पीडब्ल्यूएम काढलात तर शाफ्ट थांबला की पल्सही थांबणार! याच कारणाने एका टायमरच्या दोन चॅनेलवर वेगवेगळे पीरियड मागितले तरी पीडब्ल्यूएम ड्रायव्हर ईबिझीच देतो. एन्कोडर टिम३ वर राहू द्या, मोटर टिम४ वर न्या.

प्रतिसाद २

घड्याळाची काळजी सोडा. या चिपवर कर्नलची टिकटिक कॉर्टेक्स-ए७ च्या आतल्या आर्म टायमरवर चालते. उपनोड पोटात लिहिण्याबाबत आधी वेगळंच वळण होतं, तेही सांगतो: अॅटमेलच्या चिपमधल्या टीसीबी या टायमर ब्लॉकसाठी पीडब्ल्यूएमचा नोड पूर्वी बाहेर असायचा आणि 'टीसी-ब्लॉक' म्हणून नुसता क्रमांक द्यायचा. नंतर तोही ब्लॉकच्या पोटात गेला. जुनी उदाहरणं बघून लिहिणारे तिथे अजून चकतात.

आणि डीएमए (प्रोसेसरविना मेमरीत डेटा हलवणं) वापरत नसाल तर पॅरेंटमधली 'डीएमएज' ओळ 'डिलीट-प्रॉपर्टी'ने काढा. डीएमएचे चॅनेल दुसऱ्या कुणाच्या कामी येतील.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. टिम४ चा पॅरेंट 'ओके' केला, तरी लिनक्समध्ये पीडब्ल्यूएमचिप (पीडब्ल्यूएमचं डिव्हाइस) दिसेना. अर्धा तास गेल्यावर कळलं की उपनोडाचं स्टेटस वेगळं असतं आणि तेही 'डिसेबल्ड'च होतं. पिनकंट्रोलही (कोणत्या पिना वापरायच्या ती ओळ) उपनोडातच हवं होतं, मी ते पॅरेंटमध्ये टाकलं होतं. आता मोटर फिरतेय, मोजणीही येतेय.

फक्त मोजणी मध्येच ६५५३५ वरून शून्यावर जाते.

प्रतिसाद १

टिम३ १६ बिटचा आहे. एन्कोडर किती रेषांचा?

धागाकर्ता

१०२४. चौपट धरून फेऱ्याला ४०९६.

प्रतिसाद १

म्हणजे १६ फेऱ्यांत भरला. टिम२ आणि टिम५ ३२ बिटचे आहेत, एन्कोडर त्यांच्यातल्या एकावर न्या. उपनोडाचं स्टेटस विसरू नका.

धागाकर्ता

टिम५ च्या पिना माझ्या बोर्डावर बाहेर काढलेल्याच नाहीत, म्हणून टिम२ घेतला. पन्नासेक फेरे फिरवून पाहिले, आकडा सलग येतोय. शीर्षकात 'सुटलं' कसं लिहायचं, तेवढं सांगा.