गो: संगणक अर्ध्याच गुणाने का जिंकतो?

प्रश्न: २०१७ मध्ये अल्फागो या प्रोग्रॅमने गो या खेळात (पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी प्रदेश घेरायचा) चिनी अव्वल खेळाडू के जिएला पहिल्या डावात ०.५ गुणाने हरवलं. संगणक हातचं राखून खेळतो का?

— राखून नाही हो. त्याला फक्त जिंकण्याची शक्यता वाढवायला शिकवलंय. फरक अर्धा असो वा २०, त्याच्या लेखी सारखाच. पुढे असला की २-३ गुण सोडून धोक्याची जागा बंद करतो. माणूस गुण मोजत बसतो आणि ‘जवळ आलो’ म्हणून फसतो.

— शिवाय त्या सामन्याचे नियम चिनी, कोमी (दुसऱ्यांदा खेळणाऱ्या पांढऱ्याला मिळणारे भरपाईचे गुण) ७.५. त्यात स्वतःच्या प्रदेशात सोंगटी ठेवली तरी गुण जात नाही, त्यामुळे मेलेल्या (वाचू न शकणाऱ्या) सोंगट्यांचा वाद खेळूनच मिटतो. जपानी मोजणीत अशी प्रत्येक सोंगटी १ गुण खाते. प्रोग्रॅमला तिथेच घाम फुटतो!

— सरावाला कटागो हा गोचा प्रोग्रॅम वापरा, तो गुणफरकही बघतो. आधी नियम आणि कोमी तपासा (जपानीला ६.५), नाहीतर शेवटच्या खेळ्यांचा सल्ला चुकेल.