मदत हवी आहे: स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपची निवड

माझ्या स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपने टिपणारे, एकेका कॉइलचे चुंबकीय भाग) असून, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका, भरड करणारा इफेक्ट) लावल्यावर ब्रिज पिकअपचा, म्हणजे घोडीजवळच्या पिकअपचा, आवाज फार पातळ आणि बोचरा येतो. नेक (मानेजवळच्या) पिकअपचा स्वर मात्र मला अतिशय प्रिय असल्यामुळे त्याला हात लावायचा नाही. मूळ रचनेत ब्रिज पिकअपला टोनचा नॉब जोडलेला नसतो, म्हणून आधी तेवढी एक तार जोडून पाहणार आहे (स्वस्तातला उपाय आधी केलेला बरा).

त्याने भागले नाही, तर लाकूड न कोरता बसणारा, सिंगल कॉइलच्या आकाराचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) घ्यावा, की अल्निको ५ चुंबकाचा, अधिक वेटोळ्यांचा सिंगल कॉइलच पुरेल? माझे पॉट (नॉबखालचे बदलते रोधक) २५० किलोओहमचे आहेत. हंबकरसाठी सहसा ५०० चे वापरतात, परंतु तार स्वर थोडे दबले तर मला ते हवेच आहे.

खरी अडचण ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र वाजतात त्या स्थानाची आहे. तिथला काचेसारखा स्वर हंबकरमुळे हरवतो का, आणि चार जोडतारांचा (वायरींचा) हंबकर घेऊन त्याची एकच कॉइल वापरल्यास तो परत मिळतो का? नव्या पिकअपचा फेज (सिग्नलची दिशा) मधल्या पिकअपशी जुळेल याची खात्री खरेदीपूर्वी कशी करावी, हेही अनुभवी वादकांनी कृपया सांगावे.