मदत हवी आहे: नास्तिक, निरीश्वरवादी की अज्ञेयवादी?

मंडळी, एका लेखाचं भाषांतर करतेय आणि दोन-तीन शब्दांपाशी गाडं अडलंय. ‘एथिस्ट’ला मी सरसकट ‘नास्तिक’ लिहीत गेले. मग सांख्य या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञान-परंपरेचा उल्लेख आला आणि पंचाईत झाली. सांख्य दर्शनाला ईश्वराची गरज भासत नाही, पण ते वेदांचं प्रामाण्य मानतं, म्हणून जुन्या वर्गवारीत ते आस्तिक! उलट जैन, बौद्ध, चार्वाक ही नास्तिक दर्शनं. म्हणजे तिथे कसोटी देवाची नव्हतीच, वेदांची होती. आज मात्र ‘तो नास्तिक आहे’ म्हटलं की देव न मानणाराच डोळ्यांसमोर येतो.

सध्या ‘सांख्य हे निरीश्वरवादी पण आस्तिक दर्शन’ असं लिहून ठेवलंय. वाचक चक्रावेल ना? तळटीप द्यावी का? (मला स्वतःला तळटिपांचा कंटाळा आहे.)

दुसरं, ‘अग्नॉस्टिक’, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा. इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्लीने १८६९ मध्ये घडवलेला शब्द. मराठीत ‘अज्ञेयवादी’ रूढ आहे, पण लेखातला माणूस नुसतं ‘मला नाही बुवा माहीत’ म्हणतोय. त्याला ‘वादी’ चिकटवणं जड वाटतं. तुम्ही काय लिहाल?

आणि जाता जाता, ‘पंथ’ आणि ‘संप्रदाय’ यांत तुम्ही फरक करता का? संप्रदाय म्हटलं की गुरुपरंपरा आली, असं मी धरून चाललेय.