'सेल्फ गेला' म्हणजे नेमकं काय गेलं?

ए-१०४: गॅरेजच्या बिलात सेल्फ, सॉकअप, वॉटर बॉडी, लायनर असं काय काय असतं. कंपनीच्या पार्ट-लिस्टमध्ये यातलं एकही नाव सापडत नाही. कुणी उलगडून सांगेल का?

सी-३०२: ताई, सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. पूर्वी हँडल मारून इंजिन चालू करायचे. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये विजेवरचा सेल्फ-स्टार्टर आला, त्यातलं 'सेल्फ' तेवढं आपल्याकडे राहिलं. पण 'सेल्फ गेला' म्हटल्यावर अख्खी मोटर बदलायला हो म्हणू नका. किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक्' वाजलं तर आधी बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत, टर्मिनलवर पांढरी भुकटी नको. बॅटरी ठीक असेल तर मग सोलेनॉइड (मोटरला वीज जोडणारा स्विच) नाहीतर कार्बन (मोटरच्या आत वीज पोचवणारे ब्रश). मोटर घूंऽऽ करत फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे मोटरला इंजिनशी जोडणारं दातेरी चाक. बऱ्याच गाड्यांना कार्बन, बेंडिक्स सुटे मिळतात.

बी-२०१: आणि सॉकअप काका?

सी-३०२: शॉक ॲब्सॉर्बर. हा सगळ्यात फसवा शब्द, कारण पुढच्या चाकाकडचा कुठलाही खडखडाट याच्या नावावर खपतो. बारीक खड्ड्यांत खट्खट् वाजतं ते बहुतेकदा लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधली जोडदांडी. उभ्या गाडीत स्टेअरिंग वळवताना 'टंग्' आवाज आला तर सॉकअपचं वरचं माउंटिंग (बसवायची जागा) किंवा त्याचं बेअरिंग. सॉकअप खरंच गेला असेल तर नळीवर तेल ओघळलेलं दिसतं आणि स्पीडब्रेकरनंतर गाडी डुलत राहते. बदलायचे तर डावा-उजवा जोडीनेच.

डी-५०१: वॉटर बॉडी म्हणजे वॉटर पंप, इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा. त्याला खाली बारीक भोक असतं. तिथून कूलंट ठिबकायला लागलं की आतलं सील गेलं, बाहेरून काही लावून उपयोग नाही. पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनच्या आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) फिरत असेल तर बेल्टही त्याच वेळी बदला, नाहीतर तीच खोलाखोली पुन्हा.

ए-१०४: लायनर?

डी-५०१: ब्रेकमधले झिजणारे अस्तर. खरं तर मागच्या ड्रम ब्रेकचे. काही जण पुढच्या डिस्क पॅडलाही लायनरच म्हणतात. म्हणून 'पुढचे पॅड की मागचे लायनर' हे विचारूनच काम सांगा. पॅड ३ मिमीपर्यंत झिजले की बदलायचे.

बी-२०१: स्टेपनी शब्द कुठला?

सी-३०२: वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा. १९०४ मध्ये तिथे जादा चाक विकायला सुरुवात झाली. आणि स्टेपनी बारक्या टायरची असेल तर तिच्यावर ताशी ८० किमीची वेगमर्यादा छापलेली असते, ती पाळाच. हवाही तिच्यावर लिहिली असेल तेवढीच, बहुधा ६० पीएसआय.

ए-१०४: म्हणजे बिलात नुसतं 'सेल्फ काम' चालणार नाही, 'सेल्फ – कार्बन बदलले' असं लिहून घ्यायचं.

सी-३०२: हो, आणि काढलेले जुने कार्बन हातात मागून घ्या.