भोक नसलेली सिरॅमिकची कुंडी कशी भरावी?

गॅलरीतलीहिरवाई: चकचकीत सिरॅमिकच्या तीन कुंड्या आहेत. तोंड 12 इंच, उंची 12 इंच, तळाला भोक नाही. गॅलरी पूर्वेकडची, सकाळी साधारण चार तास ऊन. दोन जास्वंदी आणि एक स्नेक प्लांट लावायचं आहे. तळाला तीन इंच खडी घातली तर भोकाशिवाय चालेल का? माती किती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किती, तेही सांगा.

वाफसा: ताई, खडी अजिबात नको. ओला स्पंज आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. म्हणजे थांबलेलं पाणी स्पंजच्या खालच्या भागात अडकून होतं. कुंडीतही मातीच्या तळाशी असाच चिंब थर राहतो. त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते. खाली खडी असली तरी बारीक माती ते पाणी सोडत नाही, उलट तो थर तीन इंच वर, मुळांच्या जवळ येतो. भोक नसेल तर खडीत साठलेलं पाणी दिसतही नाही आणि मुळं कुजतात. भोक पाडाच.

12 मिमीचं डायमंड कोटिंगचं होल सॉ बिट (गोल भोक कापणारं ड्रिलचं नळीसारखं पातं) आणा आणि ड्रिल बॅटरीवरचं घ्या, कारण पाणी वापरायचं आहे. कुंडी जाड पायपुसण्यावर उपडी ठेवा, खुणेवर मास्किंग टेप चिकटवा. हॅमर मोड बंद, वेग कमी. बिट आधी तिरपं धरून खाच पाडा, मग सावकाश उभं करा. थोडं थोडं पाणी सोडत राहा. शेवटच्या क्षणी दाब काढून घ्या. कपची उडते ती तिथेच, घाईमुळे. प्रत्येक कुंडीला तीन भोकं पुरेत, त्यांवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा.

मातीकाम: मिश्रणाचं मी सांगते. खाली निमुळत्या होणाऱ्या 12 इंची कुंडीत साधारण 15-16 लिटर मावतं. जास्वंदीसाठी लाल माती 6 लिटर, भिजवलेलं कोकोपीट 5, गांडूळखत 4, जाड वाळू 2 आणि दोन मुठी निंबोळी पेंड. बेरीज जास्त वाटेल, पण मिसळल्यावर आकारमान घटतं. वाळू नदीची, समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं. कोकोपीटही दोनदा धुऊन, घट्ट पिळून घ्या, त्यातही क्षार असतात. स्नेक प्लांटला माती आणि विटांचा बारीक चुरा समसमान, गांडूळखत त्याच्या निम्मं, कोकोपीट नाही.

कुंडी जिथे ठेवायची तिथेच भरा. ओली झाली की 25 किलोंच्या पुढे जाते. वरून दीड इंच रिकामं सोडा, नाहीतर पाणी मातीसकट बाहेर येतं.

वाफसा: एक राहिलं. नर्सरीच्या पिशवीत बहुतेकदा चिकट लाल मातीचा गोळा असतो. तो तसाच हलक्या मिश्रणात बसवला तर पाणी कडेने निघून जातं, गोळा आत कोरडा ठणठणीत राहतो आणि रोज पाणी घालूनही झाड मान टाकतं. बुडबुडे थांबेपर्यंत गोळा बादलीत बुडवा, मग खालची एक तृतीयांश माती बोटांनी सैल करा. पिशवीत खोड जितकं मातीत होतं तितकंच ठेवा, जास्त पुरू नका.

गॅलरीतलीहिरवाई: एक कुंडी आईची आठवण आहे, तिला ड्रिल लावायला मन धजत नाही. तिचं काय करू?

मातीकाम: तिच्यात कुंडीत कुंडी. स्नेक प्लांट भोकांच्या 8 इंची प्लास्टिक कुंडीत लावा आणि ती आत, विटेच्या तुकड्यावर ठेवा. पाणी द्यायला बाहेर काढा, पूर्ण निथळल्यावरच परत ठेवा. बाहेरच्या कुंडीत आणि बाकीच्यांच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. आठवड्यातून एकदा ताटली नुसती ओतू नका, घासा. अंडी कडेला चिकटून राहतात.

वाफसा: जास्वंदीला ठरलेले वार धरून पाणी नको. कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं, आत ओलं असतं. बोट दोन इंच खुपसा. माती बोटाला चिकटली तर थांबा. गार लागली पण चिकटली नाही, तर वाफसा आहे, अजून एक दिवस जाऊ द्या. कोरडी लागली की भोकांतून पाणी येईपर्यंत भरपूर द्या.