टिपमन ९८ पेंटबॉल मार्करला ०.५० कॅलिबर: डबल फीड थांबेना, मदत हवी आहे

नागपुरात शाळकरी ग्रुपसाठी रेंटलचे १२ टिपमन ९८ मार्कर (रंगाचे बॉल मारणाऱ्या हवेच्या बंदुका) ०.६८ इंची बॉलवरून ०.५० वर न्यायचे आहेत. ०.६८ चा बॉल साधारण ३ ग्रॅमचा, ०.५० चा जेमतेम सव्वा, त्यामुळे मार कमी बसतो.

एकावर करून पाहिलं: ०.५० चं बॅरल आणि फीड एल्बोत (बॉल खाली आणणाऱ्या वाकड्या पाइपात) बारीक नळी. बॅरल ठीक, घोळ ब्रीचमध्ये, म्हणजे बॅरलमागे बॉल पडतो त्या चेंबरमध्ये. चेंबर १७.३ मिमीच्या बॉलसाठी आहे. १२.७ चा तळाशी बसतो, वरून दुसरा अर्धवट शिरतो (हेच डबल फीड) आणि बॉल पुढे ढकलणारा बोल्ट त्याला कापतो. मग सगळं रंगाने बरबटतं. शिवाय फटीतून हवा निसटते, क्रोनोग्राफवर वेग २१० ते २८० फूट प्रतिसेकंद असा नाचतो. कडक डिटेंट (बॉल आपोआप पुढे घरंगळू न देणारा अडसर) लावला तर बॉलच फुटतो. व्हेलॉसिटी स्क्रूने सरासरी हलते, फरक तसाच.

टाक्या एचपीएच्या (उच्च दाबाच्या हवेच्या) आहेत, बॉल ताजे आणि कूलरमध्ये ठेवलेले. तेव्हा उन्हाला दोष नको. ०.६८ वर परतायची सोय हवी, म्हणून रिसीव्हरला ड्रिल लावायचं नाही.

ब्रीचमध्ये डेल्रिनची (कडक प्लास्टिकची) स्लीव्ह घातली की मूळ फ्रंट बोल्ट आत जाणार नाही, म्हणून बारीक नाकाचा बोल्ट हिंगणा एमआयडीसीत लेथवर करून घेणार आहे. नाकाचा व्यास नेमका किती ठेवू, आणि डिटेंट स्लीव्हमध्ये बसवू की बॅरलच्या तोंडाशी?